दक्षिण आशियातील वायुप्रदूषणाचे हिंदी महासागरावरील वहन

दक्षिण आशियातील वायुप्रदूषणाचे हिंदी महासागरावरील वहन म्हणजे भारतीय उपखंडाच्या हवेत मिसळलेली काजळी, सल्फेट, सेंद्रिय कण व धूळ, तसेच कार्बन मोनॉक्साइड व ओझोन यांसारखे वायू वाऱ्यांबरोबर अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि उत्तर हिंदी महासागरावर दूरवर पसरण्याची प्रक्रिया होय. ही प्रक्रिया मुख्यत्वे डिसेंबर ते मार्च या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या प्रभावाखाली घडते. १९९९ साली 'इंडोएक्स' या आंतरराष्ट्रीय मोहिमेत या समुद्रावर सुमारे एक कोटी चौरस किलोमीटर क्षेत्रात पसरलेला तपकिरी धुरक्याचा थर आढळला. स्वतः अत्यल्प प्रदूषण करणाऱ्या मालदीवची हवा हिवाळ्यात कशामुळे गढूळ होते, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले. ते प्रदूषण नेमके कोणत्या आगीतून येते, हा प्रश्न मात्र त्यानंतर बरीच वर्षे वादाचा राहिला.

वहनाचे स्वरूप

मध्य अक्षवृत्तांतील खंडांवरून प्रदूषण बाहेर पडण्याची रीत वेगळी आहे. उत्तर अमेरिका किंवा पूर्व आशिया यांच्या पूर्व किनाऱ्यांवरून सरकणारी वादळे जमिनीलगतची दूषित हवा काही किलोमीटर उंच उचलतात आणि पश्चिमी वारे ती हवा अटलांटिक वा पॅसिफिक महासागरापार नेतात. या प्रवासात ढग व पाऊस यांची गाठ पडत असल्याने कणांचा मोठा भाग वाटेतच धुतला जातो. वायू मात्र पलीकडच्या खंडापर्यंत पोहोचतात.

हिवाळ्यातील भारतीय उपखंडावर अशी उचल जवळजवळ नसते. या दिवसांत आशियाच्या अंतर्भागात हवेचा दाब जास्त असतो, तर विषुववृत्ताच्या दक्षिणेस तो कमी असतो. त्यामुळे वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. वरच्या थरांतील हवा सावकाश खाली बसत असते आणि तिच्यामुळे तापमानाचे व्युत्क्रमण निर्माण होते, म्हणजे उंचीबरोबर हवा थंड होण्याऐवजी काही अंतरापर्यंत उष्ण होत जाते. हा उष्ण थर झाकणाप्रमाणे काम करतो. त्याच्याखाली कोंडलेला धूर वर जाऊ शकत नाही, तो आडवा पसरतो. आकाश निरभ्र असते आणि पाऊस नसतो. प्रदूषणाला धुऊन काढणारी मुख्य यंत्रणाच या चार महिन्यांत बंद असते, असे म्हणता येईल.

सिंधू-गंगा मैदानावर ही कोंडी सर्वांत तीव्र असते. उत्तरेस हिमालयाची भिंत असल्याने मैदानातील हवेला त्या बाजूने वाट नाही. वायव्येकडून येणारे मंद वारे धुरके पंजाब, दिल्ली, उत्तर प्रदेश आणि बिहारवरून पूर्वेकडे ढकलतात आणि ते पश्चिम बंगाल व बांगलादेशाच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात उतरते. दुसरा प्रवाह पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्रात जातो. त्यात गुजरात, महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक या पट्ट्यातील आणि दख्खनच्या पठारावरील प्रदूषणाचा वाटा असतो. दक्षिणेकडे हे प्रवाह कमीअधिक प्रमाणात एकमेकांत मिसळतात. अरबस्तान आणि आग्नेय आशियाकडूनही काही दूषित हवा याच समुद्रावर येते. त्यामुळे एखाद्या दिवशी मालदीववर आलेली हवा कुठली, हे केवळ वाऱ्याची दिशा पाहून सांगता येत नाही. त्यासाठी हवेचा मागील पाच ते दहा दिवसांचा मार्ग संगणकाने उलटा काढावा लागतो.

किनाऱ्यावरील खारे व मतलई वारे या वहनाला एक वेगळे वळण देतात. दिवसा जमीन तापल्यावर तिच्यावरील हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाते आणि धूर तेवढ्या थरात मिसळतो. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा पाचरीसारखा जमिनीलगत शिरतो, तेव्हा वरची दूषित हवा त्याच्या डोक्यावरून समुद्राकडे निघून जाते. समुद्रावरील ढवळलेला थर साधारणपणे पाचशे ते हजार मीटर जाडीचा असतो. जमिनीवरून आलेला धूर त्याच्या वर, एक ते तीन किलोमीटर उंचीवर, स्वतंत्र थर म्हणून तरंगत राहतो. खाली लाटांचा फेस आणि दमट हवा, तर वर कोरडा तपकिरी थर, अशी रचना इंडोएक्समधील विमानांना वारंवार आढळली. वरच्या थरातील कणांचा समुद्राच्या पृष्ठभागाशी संपर्क येत नसल्याने ते अधिक दूर जातात. जहाजावरून घेतलेल्या मोजमापांत हा थर निसटतो, म्हणून केवळ जहाजावर विसंबून काढलेले आकडे कमी भरण्याची शक्यता असते.

अंतराचा अंदाज साध्या हिशोबाने येतो. मुंबईपासून मालदीवमधील काशिधू बेट सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. ताशी वीस किलोमीटर वेगाचा वारा हे अंतर तीन-सव्वातीन दिवसांत कापतो. कोरड्या ऋतूत काजळीचे सूक्ष्म कण हवेत आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ टिकतात. म्हणजे किनाऱ्यावरून निघालेल्या काजळीचा बराचसा भाग मालदीवपर्यंत शाबूत पोहोचतो.

दक्षिण सीमा

या प्रवासाची दक्षिण सीमा आंतर-उष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा ठरवतो. उत्तर व दक्षिण गोलार्धांतील व्यापारी वारे जेथे एकमेकांस भिडतात तो हा ढगाळ, पावसाळी पट्टा होय. जानेवारी ते मार्च या काळात हिंदी महासागरात तो विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेस असतो. येथे हवा वेगाने वर चढते, मुसळधार पाऊस पडतो आणि बहुतेक कण समुद्रात जातात. गोव्याहून मॉरिशसच्या दिशेने गेलेल्या 'सागर कन्या' या भारतीय संशोधन जहाजाने हा पट्टा ओलांडला, तेव्हा हवेतील कणांचे प्रमाण एकदम घटल्याचे दिसले. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाणही पट्ट्याच्या उत्तरेस दक्षिणेपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त होते. खंडाची हवा आणि खुल्या महासागराची हवा यांच्यातील इतकी ठळक सीमारेषा जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. इंडोएक्ससाठी हा प्रदेश निवडण्याचे ते एक प्रमुख कारण होते.

प्रवासात होणारे बदल

किनारा सोडताना हवेत जे असते, तेच हजार किलोमीटरवर सापडत नाही. सल्फर डायऑक्साइड काही दिवसांत ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट कणांत रूपांतरित होतो. सुरुवातीला सुटे असलेले काजळीचे कण सल्फेट व सेंद्रिय द्रव्यांच्या पुटाने झाकले जातात. या पुटामुळे कण अधिक प्रकाश शोषू शकतात आणि ढगांच्या थेंबांत सहज शिरतात. नायट्रोजनची ऑक्साइडे लवकर संपतात आणि त्यांच्यापासून बनलेले नायट्रिक आम्ल मिठाच्या वा धुळीच्या मोठ्या कणांवर बसून समुद्रात जाते. कार्बन मोनॉक्साइड मात्र काही आठवडे ते महिने टिकत असल्याने दूषित हवेचा माग काढण्यासाठी तो उपयोगी पडतो. लाकूड, गोवऱ्या व पालापाचोळा यांच्या ज्वलनात ॲसिटोनायट्राइल हा वायूही बाहेर पडतो. वाहनांच्या धुरात तो फारसा नसतो. त्यामुळे समुद्रावर तो सापडला, की चुलीचा किंवा शेतातील आगीचा धूर आला असे ओळखता येते.

ओझोनची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. जमिनीवर ऊन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्या संयोगाने ओझोन तयार होतो. समुद्रालगतच्या दमट, उन्हाळ हवेत, जिथे ही ऑक्साइडे उरलेली नसतात, तिथे तोच ओझोन नष्ट होऊ लागतो. परिणामी उत्तर हिंदी महासागराच्या पृष्ठभागालगत धुरके दाट असूनही ओझोन तुलनेने कमी आढळतो.

सेंद्रिय कणांपैकी काही तपकिरी रंगाचे असतात आणि सूर्यप्रकाशातील निळा व अतिनील भाग शोषतात. त्यांना तपकिरी कार्बन म्हणतात. दिल्ली, बांगलादेशातील भोला बेट आणि मालदीवमधील हनीमाधू अशा तीन टप्प्यांवर घेतलेल्या नमुन्यांची तुलना केल्यावर, पाण्यात विरघळणाऱ्या तपकिरी कार्बनचा रंग प्रवासात उन्हामुळे फिका पडतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उन्हात वाळत घातलेल्या रंगीत कापडाचे जे होते, तेच या कणांचे होते. काळ्या कार्बनचा काळेपणा मात्र टिकून राहतो.

या समुद्रावर जहाजांचा धूरही मिसळतो. श्रीलंकेच्या दक्षिणेकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जलमार्ग इतका गजबजलेला आहे, की तेथील नायट्रोजन डायऑक्साइडची सरळ रेघ उपग्रहांच्या नकाशांवर स्पष्ट उमटते. मोजमापांचा अर्थ लावताना हा भाग वेगळा काढावा लागतो.

इंडोएक्स मोहीम

हिंदी महासागर प्रयोग, संक्षेपाने इंडोएक्स, या मोहिमेची प्राथमिक जलपर्यटने १९९६ पासून सुरू झाली आणि मुख्य टप्पा जानेवारी ते मार्च १९९९ मध्ये पार पडला. स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचे वीरभद्रन रामनाथन आणि जर्मनीतील माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेचे नोबेल पारितोषिक विजेते पॉल क्रुट्झन हे तिचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. भारतीय सहभागाचे नेतृत्व नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा यांनी केले. मोहिमेत अमेरिका, युरोप व भारतातील संशोधकांनी जहाजे, विमाने, उपग्रह आणि काशिधू बेटावरील वेधशाळा यांचा एकत्रित उपयोग केला. काशिधू भारतीय द्वीपकल्पाच्या टोकापासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि तेथे कोणताही मोठा उद्योग नाही.

अशा बेटावरील सूक्ष्म कणांत सल्फेट सुमारे एक-तृतीयांश, सेंद्रिय द्रव्ये सुमारे एक-चतुर्थांश आणि काळा कार्बन दहा टक्क्यांहून अधिक होता. उरलेल्या भागात अमोनियम, खनिज धूळ आणि कोळशाची राख होती. राखेचे गोल, काचेसारखे कण औष्णिक वीजकेंद्रांची साक्ष देत होते, तर पोटॅशियम सरपणाच्या धुराची. एकूण कणांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. काळ्या कार्बनचे इतके मोठे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवरील धुरक्यात सहसा आढळत नाही. त्याने संशोधकांचे विशेष लक्ष वेधले.

काजळीचा उगम

काजळी कोणत्या इंधनाची, यावर इंडोएक्सनंतर दोन मते होती. समुद्रावरील कणांचे रासायनिक घटक पाहणाऱ्यांना ती मुख्यतः डिझेल व कोळशासारख्या जीवाश्म इंधनांची वाटत होती. जमिनीवरील इंधनवापराची मोजदाद करणारे मात्र सरपण, गोवऱ्या व पिकांचे अवशेष यांच्याकडे बोट दाखवत होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील चंद्रा वेंकटरामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चुलींमधील ज्वलनाची प्रत्यक्ष मोजमापे घेतली. दक्षिण आशियातील काळ्या कार्बनचा सर्वांत मोठा स्रोत घरगुती जैवइंधन हा आहे, असा निष्कर्ष त्यांनी २००५ साली मांडला.

हा वाद मिटवण्यासाठी किरणोत्सारी कार्बन-१४ उपयोगी पडला. नुकत्याच वाढलेल्या झाडाच्या लाकडात हा समस्थानिक असतो. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेल्या कोळशातून व खनिज तेलातून तो केव्हाच नाहीसा झालेला असतो, कारण त्याचा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षांचा आहे. म्हणून काजळीतील कार्बन-१४ मोजला, की तिचा किती भाग चुलीचा व किती इंजिनाचा, हे थेट कळते. स्टॉकहोम विद्यापीठाचे ओर्यान गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळी मोसमी वाऱ्यांच्या काळात दोन ठिकाणी नमुने गोळा केले. एक ठिकाण हनीमाधू बेट आणि दुसरे पुण्याजवळचा सिंहगड. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे गडावरील केंद्र शहराच्या धुरापासून उंचावर असल्याने तेथील हवा पश्चिम भारताच्या विस्तृत प्रदेशाचे प्रतिनिधित्व करते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्बनयुक्त कणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग जैवज्वलनाचा होता. काळ्या कार्बनचे मोजमाप दोन पद्धतींनी केले असता एका पद्धतीत निम्मा आणि दुसऱ्या पद्धतीत दोन-तृतीयांश भाग जैवज्वलनाचा निघाला.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. समुद्रावरील धुरके कमी करायचे तर वाहने व वीजकेंद्रे यांवरील निर्बंध पुरेसे ठरणार नाहीत, स्वयंपाकघरातील धूरही कमी करावा लागेल, हे त्यातून स्पष्ट झाले. चुलीचा धूर आधी ती पेटवणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जातो आणि मग समुद्रावर. त्यामुळे या बाबतीत आरोग्याचे आणि हवामानाचे हित एकाच दिशेला आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

परिणाम

धुरक्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागावर पोहोचणारा सूर्यप्रकाश लक्षणीयरीत्या घटतो. सल्फेटसारखे कण प्रकाश अवकाशात परत फेकतात, तर काळा कार्बन तो शोषून आजूबाजूची हवा तापवतो. त्यामुळे खाली समुद्र काहीसा थंड आणि वर हवा काहीशी उष्ण अशी स्थिती निर्माण होते. मार्च २००६ मध्ये हनीमाधू येथून तीन वैमानिकरहित विमाने एकाच वेळी थराच्या खाली, थरात आणि थराच्या वर उडवून ही उष्णता प्रत्यक्ष मोजण्यात आली. धुरक्यामुळे खालच्या वातावरणातील सौर तापन सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढते, असे त्यातून निष्पन्न झाले.

समुद्र थंड झाल्यास बाष्पीभवन कमी होते आणि उत्तर व दक्षिण हिंदी महासागरांच्या तापमानातील फरक बदलतो. या फरकावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे बळ अवलंबून असल्याने धुरक्यामुळे मोसमी पाऊस क्षीण होत असावा, असे रामनाथन व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रारूपांच्या आधारे मांडले. मात्र वाऱ्यांची प्रारूपे पावसाचे चित्र एकसारखे दाखवत नाहीत आणि मोसमी पावसात नैसर्गिक चढउतारही मोठे असतात. समुद्रावरील प्रकाशाची घट मोजून सिद्ध झालेली आहे. पावसावरील परिणामाबाबत तसे म्हणता येत नाही.

नावाचा वाद

ऑगस्ट २००२ मध्ये संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने या विषयावरील अहवाल 'आशियाई तपकिरी ढग' या नावाने प्रसिद्ध केला. त्यावर भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जे. श्रीनिवासन व सुलोचना गाडगीळ यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात अहवालाची चिकित्सा केली. हे धुरके वर्षभराचे नसून काही महिन्यांचे असते, पावसाळ्यात ते धुतले जाते आणि मोसमी पावसावरील परिणामाविषयीचे दावे अपुऱ्या आधारावर केले आहेत, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. एका खंडाचे नाव प्रदूषणाला चिकटवण्यामागे हरितगृह वायूंच्या जबाबदारीवरून लक्ष वळवण्याचा हेतू असल्याची शंकाही व्यक्त झाली. पुढे प्रकल्पाचे नाव 'वातावरणीय तपकिरी ढग' असे बदलण्यात आले. २००८ च्या अहवालात पूर्व आशिया, सिंधू-गंगा मैदान, आग्नेय आशिया, दक्षिण आफ्रिका खंड व ॲमेझॉन खोरे अशी पाच क्षेत्रे नोंदवली गेली आणि तेरा महानगरांच्या यादीत मुंबईचाही समावेश होता. हा वाद निव्वळ राजकीय होता असे मानणे योग्य नाही. ऋतूचा उल्लेख टाळून केलेले विधान शास्त्रीयदृष्ट्याही दिशाभूल करणारे ठरते.

पावसाळ्यातील वहन

जूनमध्ये वारे उलटतात. समुद्राकडून येणारी हवा जमिनीलगतचे प्रदूषण मागे लोटते, पाऊस कण धुतो आणि अरबी समुद्रावर उलट अरबस्तानातील धूळ येते. तरीही खंडावरून प्रदूषण बाहेर जाणे थांबत नाही, त्याचा मार्ग उभा होतो. मोसमी मेघांतील जोरदार संवहन जमिनीलगतची हवा काही तासांत तपांबराच्या माथ्यापर्यंत नेते. तेथे आशियाई मोसमी प्रत्यावर्त या विशाल भोवऱ्यात ती आठवडेन् आठवडे फिरत राहते. २०११ साली उपग्रहीय निरीक्षणांतून या उंचीवर, सुमारे १३ ते १८ किलोमीटरच्या दरम्यान, कणांचा एक पातळ थर असल्याचे उघडकीस आले. २०१७ साली काठमांडूहून उडवलेल्या उच्चस्तरीय विमानाच्या मोजमापांतून या उंचीवर अमोनियम नायट्रेट असल्याचे आढळले. त्यातील अमोनिया शेती व पशुधनाशी निगडित आहे.

२०१५ साली 'हालो' या जर्मन विमानाने घेतलेल्या नोंदींनुसार मोसमी मेघ एकाच वेळी दोन कामे करतात. ते प्रदूषण वर ओढतात आणि विजांमुळे तयार होणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या साहाय्याने हवेतील हायड्रॉक्सिल मूलकांचे प्रमाण टिकवून त्यातील बराच भाग नष्टही करतात. जो उरतो तो पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या उच्चस्तरीय वाऱ्यांबरोबर दूर जातो. ऑगस्ट २००१ मध्ये भूमध्य समुद्रावरील क्रीट बेटाजवळ, तपांबराच्या वरच्या भागात दक्षिण आशियातून आलेली हवा ओळखण्यात आली होती. हिवाळ्यात मालदीवपर्यंत तीन-चार दिवसांत जाणारा धूर पावसाळ्यात अशा रीतीने युरोपच्या दाराशी पोहोचतो, अर्थात अतिशय विरळ होऊन.

आंतरराष्ट्रीय सहकार्य

युरोपात सीमापार प्रदूषणावरील करार जिनिव्हा येथे १९७९ साली झाला आणि त्याला जोडून पुढे प्रत्येक प्रदूषकासाठी बंधनकारक मसुदे तयार झाले. दक्षिण आशियात एप्रिल १९९८ मध्ये माले जाहीरनामा स्वीकारण्यात आला. बांगलादेश, भूतान, भारत, इराण, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान व श्रीलंका हे आठ देश त्यात सहभागी आहेत. जाहीरनाम्याचा भर मोजमाप, माहितीची देवाणघेवाण आणि प्रशिक्षण यांवर आहे. उत्सर्जन किती कमी करावे, यासंबंधी कोणतेही बंधन त्यात नाही. त्याला राजधानीचे नाव देणारा मालदीव हा या आठ देशांत सर्वांत लहान आहे, आणि हिवाळ्यात वाऱ्याच्या खालच्या बाजूला असलेलाही तोच.